तबकडीचा पुनर्जन्म : स्का, रेगे आणि सोल

'रेगे' म्हटलं की मराठी माणसाला आधी कुणाचं तरी आडनाव आठवतं. आमच्या हॉस्टेलवर मात्र रेगे म्हणजे बॉब मार्ली, आणि बॉब मार्ली म्हणजे दारामागचं पोस्टर. प्रत्येक विंगमध्ये एक तरी सापडेलच! पण त्याची गाणी सांगा म्हटलं, की गाडी दोन नावांपुढे सरकत नाही. आणि त्याच्याआधी, त्याच्याबरोबर, त्याच शहरात कोण कोण वाजवत होतं हे विचारलं तर सगळीकडे शांतता.

हा लेख त्या बाकीच्यांबद्दल आहे. त्यांच्या जुन्या तबकड्या आज 'रीइश्यू' म्हणून, म्हणजे नव्याने छापून, पुन्हा बाजारात येतात. मी त्या गोळा करते. सध्या माझ्याकडे एकूण अकरा आहेत, म्हणजे 'संग्रह' हा शब्द वापरायलाही जरा लाजच वाटते. शिवाय माझं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालेलं, तेव्हा मराठीत काही कमी-जास्त झालं तर वाचकांनी सांभाळून घ्यावं. "मोबाईलवर सगळं फुकट ऐकायला मिळतं, मग या प्लॅस्टिकच्या थाळ्यांवर पैसे कशाला घालवतेस?" हा प्रश्न बाबांपासून मेसच्या काकांपर्यंत सगळ्यांनी मला विचारून झालाय. त्याचं सविस्तर उत्तर म्हणजेच हा लेखप्रपंच.

एक नि दोन नि

जमैका हे कॅरिबियन समुद्रातलं एक छोटं बेट. ६ ऑगस्ट १९६२ रोजी ते ब्रिटिशांपासून स्वतंत्र झालं. त्याच्या आधीपासून, म्हणजे १९५० च्या दशकात, राजधानी किंग्स्टनमध्ये 'साउंड सिस्टिम' नावाचा प्रकार जोरात होता. घरी रेकॉर्ड प्लेअर घेणं सामान्य माणसाला परवडायचं नाही. मग कपाटाएवढे स्पीकर आणि घरगुती बनावटीचे अॅम्प्लिफायर मोकळ्या जागेत मांडायचे, अमेरिकन रिदम अँड ब्लूजच्या तबकड्या लावायच्या आणि नाचायला येणाऱ्यांकडून तिकीट घ्यायचं. आपल्याकडच्या गणपतीतल्या स्पीकरच्या भिंती आठवा, फक्त हे वर्षभर चालायचं.

या धंद्यातले दोन मोठे प्रतिस्पर्धी म्हणजे क्लेमेंट 'कॉक्सन' डॉड आणि ड्यूक रीड. रीड हा माजी पोलीस, आणि त्याचं दारूचं दुकान होतं. दुसऱ्याकडे नसलेली तबकडी आपल्याकडे असणं यावर सगळी गर्दी अवलंबून. म्हणून हे लोक तबकडीवरचं लेबल चक्क खरवडून टाकायचे, गाण्याचं नाव कुणाला कळूच नये! आपल्याकडे टॉपर मंडळी रेफरन्स बुकला वर्तमानपत्राचं कव्हर घालतात, त्यातलाच प्रकार.

पुढे अमेरिकेत लोकांची आवड रॉक अँड रोलकडे वळली आणि किंग्स्टनच्या नाचणाऱ्यांना हवी तशी गाणी तिकडून येईनाशी झाली. तेव्हा या साउंड सिस्टिमवाल्यांनी ती स्वतःच रेकॉर्ड करायला घेतली. त्यातून जन्मला स्का. स्का ओळखायची सोपी युक्ती सांगते. तोंडाने "एक नि दोन नि तीन नि चार नि" असं म्हणा, आणि टाळी आकड्यावर न देता 'नि'वर द्या. पियानो आणि गिटार त्या 'नि'वर झटका देतात. तोच स्का! साधारण १९६६ मध्ये ही लय संथ झाली, बास पुढे आला, त्याला 'रॉकस्टेडी' म्हणू लागले. १९६८ च्या सुमारास ती आणखी बदलली आणि रेगे आलं. रेगेच्या गाजलेल्या 'वन ड्रॉप' तालात ड्रमचा जड ठोका पहिल्या मात्रेवर नसतो, तिसऱ्यावर असतो. पहिल्या मात्रेची जागा मोकळी सोडलेली असते, आणि आपलं शरीर आपोआप ती भरायला झुलतं.

सिस्टरांचा बँड

कॉन्व्हेंटमधली म्हणून मला यातला सगळ्यात आवडता भाग हा. किंग्स्टनमध्ये 'अल्फा बॉईज स्कूल' नावाची शाळा होती. अनाथ आणि गरीब घरची मुलं तिथे राहायची आणि ती शाळा सिस्टर्स ऑफ मर्सी या संघाच्या नन्स चालवत. मुलांना हाताला काहीतरी काम यावं म्हणून छपाई, शिवणकाम यांच्याबरोबर बँडमधली वाद्यं शिकवली जात. सिस्टर मेरी इग्नेशिअस डेव्हिस यांनी २००३ मध्ये त्यांचं निधन होईपर्यंत कित्येक दशकं तिथल्या मुलांच्या संगीताकडे लक्ष दिलं. त्यांचा स्वतःचा तबकड्यांचा मोठा संग्रह होता आणि त्या मुलांसाठी तबकड्या लावायच्या. आमच्या शाळेतल्या सिस्टर पियानोवर प्रार्थनेपलीकडे काही वाजू देत नसत, त्यामुळे हे वाचल्यावर मी तर थक्कच झाले!

१९६४ मध्ये स्थापन झालेल्या 'स्कॅटलाइट्स' या बँडमधले ट्रॉम्बोनवादक डॉन ड्रमंड, सॅक्सोफोनवाले टॉमी मॅकूक आणि लेस्टर स्टर्लिंग, ट्रंपेटवाले जॉनी 'डिझी' मूर, हे चौघेही याच अल्फाचे विद्यार्थी. बँड जेमतेम सव्वा वर्ष टिकला. पण त्या काळातल्या स्का गाण्यांच्या ढिगाऱ्यामागे हेच वादक आहेत. पोस्टरवरच्या बॉब मार्लीच्या 'वेलर्स'चं 'सिमर डाउन' १९६४ मध्ये जमैकात गाजलं, त्यातही मागे हीच मंडळी वाजवतायत.

पैसे कोणाला मिळाले?

डॉडने १९६३ मध्ये किंग्स्टनच्या ब्रेंटफर्ड रोडवर 'स्टुडिओ वन' उघडला. सुरुवातीला तिथे एकच ट्रॅक होता. म्हणजे गायक आणि सगळे वादक एका खोलीत, एका दमात, आणि कुणी चुकलं तर पुन्हा पहिल्यापासून. या स्टुडिओने अनेक नवख्या पोरांना संधी दिली हे खरंच आहे. पण त्या काळी सगळ्या किंग्स्टनमध्ये रीत अशी, की गाण्यामागे ठरलेली रक्कम एकदा हातावर ठेवायची आणि विषय संपला. पुढे तबकडी शंभर खपो की लाख, गाणाऱ्या-वाजवणाऱ्याच्या घरी त्यातलं काही पोचेलच असं नाही. १९७२ च्या 'द हार्डर दे कम' या जमैकन चित्रपटात नायकाला त्याच्या गाण्याचे वीस डॉलर देऊन वाटेला लावतात. ते लेखकाने हवेतून काढलेलं नव्हतं. स्वतंत्र जमैकाचा स्वतःचा कॉपीराइट कायदा लागू झाला तो थेट १९९३ मध्ये. तोवर ब्रिटिशांच्या १९११ च्या कायद्यावर गाडा चालला होता.

हे आपल्यापासून फार लांबचं वाटत असेल, तर एक उदाहरण घ्या. शॉन पॉलचं 'आय अॅम स्टिल इन लव्ह विथ यू' गॅदरिंगच्या डान्समध्ये ऐकलंय ना? ते मुळात आल्टन एलिसचं, स्टुडिओ वनमध्ये १९६७ मध्ये केलेलं गाणं. १९७७ मध्ये मार्शिया एटकनने ते पुन्हा गायलं. त्याच तालावर आल्थिया आणि डॉना या दोन शाळकरी वयाच्या मुलींनी 'अपटाउन टॉप रँकिंग' केलं, ते फेब्रुवारी १९७८ मध्ये ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर गेलं. मग शॉन पॉलचा अल्बम आला २००२ मध्ये. एकाच वादनाच्या पायावर नवनवी गाणी बांधायच्या या पद्धतीला तिकडे 'रिडिम' म्हणतात. पस्तीस वर्षं लोक एका माणसाच्या सुरावर नाचत राहिले, आणि आपल्यातल्या बहुतेकांना आल्टन एलिस हे नावही माहीत नाही! ते २००८ मध्ये वारले.

आता थोडं इंजिनिअरिंग

हे वाचून "मग तबकडीच कशाला?" असं कुणी विचारेल. त्यासाठी तबकडी कशी चालते ते पाहू. (सेकंड इयरच्या मुलांनी हा भाग व्हायव्हासाठी वाचायला हरकत नाही.)

तबकडीवरची खाच म्हणजे आवाजाच्या लहरीचंच चित्र. बास जितका जड, तितकी खाच आडवी जास्त हलते आणि जास्त जागा खाते. म्हणून कापताना बास कमी करतात आणि वरचे सूर वाढवतात. वाजवताना प्रीअॅम्प बरोबर उलटं करतो. १९५४ मध्ये ठरलेल्या या प्रमाणाला 'आरआयएए कर्व्ह' म्हणतात. १००० हर्ट्झ मधला बिंदू धरला, तर कापताना २० हर्ट्झला सुमारे १९ डेसिबल कमी आणि २० हजार हर्ट्झला जवळपास तेवढेच जास्त. त्याचे टाइम कॉन्स्टंट ३१८०, ३१८ आणि ७५ मायक्रोसेकंद. टी.ई.च्या मिनी प्रोजेक्टला मी हाच प्रीअॅम्प केला. एनई ५५३२ ऑप-अॅम्प आणि बाकीचे पार्ट लॅमिंग्टन रोडवरून आणले. मॅग्नेटिक कार्ट्रिजमधून जेमतेम काही मिलिव्होल्ट मिळतात, त्यामुळे अर्थिंग नीट केलं नाही की आधी ऐकू येतो तो ५० हर्ट्झचा गुणगुणाट.

दुसरी गोष्ट वेगाची. बारा इंची तबकडी मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांनी फिरते. बाहेरच्या कडेला त्रिज्या साधारण १४६ मिलिमीटर, म्हणजे सुईखालून खाच सेकंदाला ०.५१ मीटर वेगाने जाते. आत लेबलजवळ त्रिज्या ६० मिलिमीटर धरली तर वेग उरतो ०.२१ मीटर. तीच लहर निम्म्याहून कमी लांबीत कोंबायची! म्हणून शेवटचं गाणं अनेकदा किंचित चिरकं लागतं. तीच बारा इंची तबकडी ४५ फेऱ्यांनी फिरवली तर बाहेरच्या कडेला ०.६९ मीटर मिळतात.

हा फायदा नाचाच्या संगीताला कसा मिळाला त्याची गंमत आहे. १९७० च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये टॉम मोल्टन नावाचा मिक्सर गाणं कापून घ्यायला गेला, तर लहान कोऱ्या डिस्क संपलेल्या. मोठ्या डिस्कवर खाचा ऐसपैस पसरून गाणं कापलं, आणि आवाज एकदम भारदस्त निघाला. दुकानात विकायला आलेला पहिला बारा इंची सिंगल म्हणजे डबल एक्स्पोझरचं 'टेन पर्सेंट', १९७६ चं. जमैकानेही लगेच हा आकार उचलला.

आणि आपल्या ब्रँचचा हीरो म्हणजे किंग टबी. खरं नाव ऑस्बर्न रडॉक. मूळचा इलेक्ट्रॉनिक्स दुरुस्तीवाला, रेडिओ आणि अॅम्प्लिफायरची कामं करायचा. १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याने घरातच छोटा स्टुडिओ थाटला आणि जुन्या चार ट्रॅकच्या मिक्सरवर तयार गाण्याचे तुकडे केले. गायकाचा आवाज काढायचा, बास-ड्रम उघडे ठेवायचे, मध्येच फिल्टरचं बटण फिरवायचं, एको सोडायचा. याला म्हणतात 'डब'. म्हणजे मिक्सरच वाद्य झालं! आज रीमिक्स म्हणून जे चालतं त्यातलं बरंच काही या दुरुस्तीवाल्याकडून आलंय.

किंग्स्टनहून इंग्लंडला

दुसऱ्या महायुद्धानंतर हजारो जमैकन माणसं कामासाठी ब्रिटनला गेली, आणि तबकड्याही त्यांच्यामागोमाग गेल्या. लंडनमध्ये १९६८ मध्ये 'ट्रोजन' ही कंपनी निघाली ती याच गिऱ्हाइकांसाठी. तिथल्या गोऱ्या कामगारवस्तीतल्या पोरांनाही स्का आवडला. १९७९ मध्ये कव्हेंट्रीच्या 'द स्पेशल्स'ने 'टू टोन' लेबल काढून स्का पुन्हा गाजवला.

त्याच सुमारास उत्तर इंग्लंडच्या गिरणगावांमधल्या पोरांना वेगळंच वेड लागलं होतं. अमेरिकेतली १९६० च्या दशकातली, तिकडे न चाललेली वेगवान सोल गाणी शोधून त्यावर रात्रभर नाचायचं. याला 'नॉर्दर्न सोल' म्हणतात. विगन कसिनो हा त्यांचा गाजलेला अड्डा १९७३ ते १९८१ चालला. आणि मजा बघा, इथले डीजेसुद्धा लेबलवर कागद चिकटवून गाण्याचं नाव लपवायचे. समुद्रापलीकडे तीच टॉपरची युक्ती!

याच नॉर्दर्न सोलमधली सगळ्यात महागडी गोष्ट ऐका. फ्रँक विल्सनचं 'डू आय लव्ह यू' १९६५ मध्ये मोटाउन कंपनीने छापलं, पण बाजारात न आणता बहुतेक प्रती नष्ट केल्या. उरलेल्या मोजक्या प्रतींपैकी एक २००९ मध्ये २५,७४२ पौंडांना विकली गेली. त्यातले फ्रँक विल्सनना किती मिळाले? शून्य. जुनी वस्तू एका संग्राहकाकडून दुसऱ्याकडे जाते, त्यात गायकाचा संबंधच येत नाही. पण मोटाउननेच तेच गाणं १९७९ मध्ये ब्रिटनमध्ये पुन्हा काढलं. ते विद्यार्थ्याच्या खिशाला परवडणारं, आणि त्याचा हिशोब कंपनीच्या वहीत लिहिला जाणारा.

इथेच माझं उत्तर आहे. ओरिजिनल तबकडी कितीही दुर्मिळ असली तरी तिचे पैसे गाणाऱ्याकडे जात नाहीत. परवाना घेऊन, हिशोब ठेवून काढलेला रीइश्यू ही त्या माणसांना, किंवा त्यांच्या मुलाबाळांना, मिळालेली दुसरी संधी असते. १९७७ मध्ये द काँगोज या जोडीचा 'हार्ट ऑफ द काँगोज' जमैकात थोड्याच प्रतींत निघाला होता. मँचेस्टरच्या 'ब्लड अँड फायर' या लेबलने तो १९९६ मध्ये नव्याने, नीट माहितीसह काढला, तेव्हा कुठे जगभरच्या लोकांनी तो ऐकला. लंडनच्या 'सोल जॅझ'ने डॉडशी करार करून स्टुडिओ वनची गाणी काढली. त्यांचं २००१ चं 'स्टुडिओ वन सोल' माझ्याकडे आहे. त्यात अमेरिकन सोल गाणी जमैकन ढंगात आहेत, म्हणजे या लेखाची दोन्ही टोकं एकाच तबकडीत!

खरा रीइश्यू कसा ओळखायचा?

सगळेच रीइश्यू सरळ नसतात. चोरून छापलेले भरपूर. दुसऱ्याचं जर्नल छापायचं आणि वर स्वतःचं नाव घालायचं, हा सबमिशनच्या आठवड्यातला उद्योग आपल्याला नवा नाही. मी विकत घेण्याआधी चार गोष्टी बघते.

१. परवाना : लेबलवर किंवा कव्हरवर हक्क कोणाचे आणि परवाना कोणाकडून ते छापलंय का? ते नसेल तर मी ती तबकडी खाली ठेवते, कितीही स्वस्त असली तरी.

२. मूळ कुठून घेतलं : मास्टर टेपवरून की जुन्या तबकडीवरून? जमैकातल्या बऱ्याच टेप हरवल्या किंवा त्यांच्यावर दुसरंच रेकॉर्डिंग झालं. तेव्हा तबकडीवरून उतरवणं हा गुन्हा नाही, पण तसं सांगायला हवं. काही वेळा जुन्या वादनावर नंतर नवी वाद्यंही चढवलेली असतात, तेही विचारा.

३. वादकांची नावं : ट्रॉम्बोन कोणी वाजवला हे शोधून छापणाऱ्याने बाकीचंही काम मन लावून केलेलं असतं, असा माझा अनुभव आहे.

४. शेवटची मोकळी जागा : गाणी संपल्यावर लेबलभोवती जी गुळगुळीत पट्टी असते तिच्यावर कोरलेले आकडे उजेडात धरून वाचा. कधीकधी कापणाऱ्या इंजिनिअरची आद्याक्षरंही असतात.

'१८० ग्रॅम' या शब्दावर मात्र भाळू नका. जाड थाळीत वाईट स्वयंपाक वाढला तरी तो वाईटच.

आणि हॉस्टेलवाल्यांसाठी : तबकड्या उभ्या ठेवा, एकावर एक रचू नका. मे महिन्यात खिडकीजवळ अजिबात नको, उन्हाने पीव्हीसी वाकतं. जमैकन सात इंचीचं मधलं भोक मोठं असतं, त्यासाठी अॅडॅप्टर लागतो. आमच्या वर्कशॉपमध्ये लेथवर तो अर्ध्या तासात निघाला.

बाबांना माझं म्हणणं पूर्ण पटलंय असं नाही. पण गेल्या सुट्टीत ड्रमंडचा ट्रॉम्बोन लागला तेव्हा त्यांनी पेपर खाली ठेवला आणि विचारलं, "हा कोण?" कित्येक दशकांपूर्वीच्या अल्फातल्या मुलाचं नाव आमच्या घरात उच्चारलं गेलं. माझ्या मते तबकडीचे पैसे तिथेच वसूल झाले.

वॉर्डन मॅडमची परवानगी मिळाली तर परीक्षेनंतरच्या रविवारी कॉमन रूममध्ये टर्नटेबल लावायचा विचार आहे. सर, मॅडम, ज्युनिअर, सगळ्यांनी यावं. लेबलं खरवडलेली नाहीत. काय वाजतंय आणि कोण वाजवतंय ते फळ्यावर लिहून ठेवीन.